रडण्याचा प्रसंग

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, यात मी पदरचं काही घातलेलं नाही. हे माझ्या आजोबांच्या बाबतीत घडलं. जर्मनीतलं केम्निट्झ शहर, २० नोव्हेंबर १९२७, दुपारचे चार.

तो मृतांचा रविवार होता, गेलेल्या माणसांची आठवण काढायचा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे नाचगाणी बंद, थिएटरात हसवणारा सिनेमा लावायलाही मनाई. मालकाने एक जुना रडका मूकपट काढला.

नाव ऐकताच आजोबांनी तो ओळखला.

आजोबा, म्हणजे ओटोकार वेंड्रिश, तिथे पडद्याखाली बसून व्हायोलिन वाजवायचे. त्याआधी ते बर्लिनला शूटिंगमध्ये वाजवत. कॅमेऱ्याच्या डावीकडे उभं राहून करुण सूर लावायचे आणि नटीला रडू आणायचं, हीच नोकरी. या सिनेमात लिओनी लोर्नझेन नावाच्या नटीला रिकाम्या पाळण्यापाशी रडायचं होतं. तिला काही केल्या रडू येईना. आजोबांनी नट्यांचे कपडे सांभाळणाऱ्या बाईशी गोड बोलून काढून घेतलं, की लिओनीचं तान्हं मूल गेलंय, आणि ती त्याला कुठली अंगाई म्हणायची.

त्यांनी तीच वाजवली.

ती कोसळली. दिग्दर्शक खूश. त्याने तो प्रसंग अकरा वेळा घेतला. ती डोळ्यांनी विनवत होती, की आता पुरे करा. आजोबांचा हात काही थांबला नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली.

पुढे आजोबांना मुलगी झाली, इर्मेला. ती आता सहा महिन्यांची होती. बाप झाल्यावर त्यांना आपण काय करून बसलो ते कळलं. आपली करणी लेकीला भोवणार, या भीतीने त्यांना ग्रासलं होतं. ती अंगाई पुन्हा वाजवायची नाही, अशी त्यांनी शपथच घेतली होती.

पाळण्याचा प्रसंग आला. आजोबांनी चर्चमधलं एक भजन धरलं.

पडद्यावर लिओनी पाळण्यापाशी बसली...

आणि रडलीच नाही.

कोरड्या डोळ्यांनी ती हळूच डावीकडे वळली... जिथे शूटिंगच्या वेळी आजोबा उभे होते.

ती वाट बघत होती.

प्रसंग दीड मिनिटाचा. पाच मिनिटं झाली. भजन दोनदा वाजवून संपलं. लोकांचं खोकणंसुद्धा थांबलं होतं, आणि वरच्या यंत्राची घरघर... तीही ऐकू येईना.

शेजारी चेलो वाजवणारे कूनो म्हातारे पुटपुटले, "अरे ओटोकार, ही बया आज रडत का नाही? दुसरं काहीतरी वाजव बाबा. माझे हात गार पडलेत."

आजोबांचा धीर सुटला. हे एकदाचं संपावं म्हणून त्यांनी अंगाईच्या दोन ओळी वाजवल्या.

तरी ती रडली नाही. तिने फक्त मान डोलावली, आणि पुढचा प्रसंग सुरू झाला.

खेळ संपल्यावर कूनोंनी ती फिल्म उजेडात धरून पाहिली. प्रत्येक चौकटीत ती रडत होती.

आजोबा घरी धावत सुटले. आजी म्हणाली, "अहो, एवढे का घाबरलात? मघापासून पोर कशी शांत आहे बघा. एरवी घर डोक्यावर घेते."

आजोबांनी लेकीला उचललं. तिने ओठ काढले, चेहरा लालबुंद केला, तोंड उघडलं... आवाज नाही. डोळ्यांत टिपूस नाही.

इर्मेला म्हणजे माझी आई. ती वेळेवर बोलायला लागली, खळखळून हसायचीही. पण रडली कधीच नाही. युद्धात घर पडलं तेव्हा नाही, आजोबांना पुरलं तेव्हाही नाही. डोळ्यांत काही दोष नाही, असं डॉक्टर म्हणायचे.

ती चौऱ्याऐंशीची असताना बर्लिनच्या एका संग्रहालयात तो मूकपट दाखवला, संगीताशिवाय. मी गेले होते. पाळण्याच्या प्रसंगात लिओनी ढसाढसा रडली...

आणि त्या शांत सभागृहात तान्ह्या बाळाचं रडणं घुमलं.

लोक वळून वळून बघायला लागले. बाळ कुणीच आणलेलं नव्हतं. प्रसंग संपला तरी ते रडतच राहिलं, अगदी श्वास कोंडेपर्यंत. दिवे लागले तेव्हा कुठे थांबलं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "त्या पोरीला कुणी उचलून घेतलं का गं?"

नाही. आम्ही सगळे नुसते बघत बसलो होतो.