पन्नास किलोची पारमिता

भुतं रात्रीच दिसतात असं वाटत असेल, तर हे वाचूच नका. हे घडलं भरदुपारी. गेल्या मे महिन्यात, सांबऱ्याजवळच्या एका पत्र्याच्या तालमीत. तालीम अजून आहे, परशराम सरही आहेत. जाऊन विचारा. खोटं निघालं तर मिशी काढीन.

परशराम सर पोरींना कुस्ती शिकवतात. ऐन उमेदीत त्यांचं वजन दोनशे ग्रॅम जास्त भरलं आणि त्यांना राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर काढलं. ते काही त्यांच्या मनातून गेलं नाही. त्यात सरकारी कोचची नोकरी शिष्याच्या एका मेडलवर अडलेली.

ते मेडल आणणार होती जांबोटीची पारमिता.

पोरगी अंगानं त्रेपन्न किलोची. पण त्रेपन्नच्या वजनगटात चुरस लई, म्हणून सरांनी तिचं नाव पन्नासच्या गटात घातलं. तीन किलो उतरवायचे. उन्हात प्लॅस्टिकचं जॅकेट घालून पळायचं, तोंडात चिंच धरून लाळ थुंकायची, पाण्याला शिवायचं नाही.

"सर, एक घोट तरी..."

"उद्या वजन झालं की हिरीत तोंड घाल. आज न्हाय."

संध्याकाळी ती पडली.

उठलीच नाही.

तिची आई सोनुबाई दवाखान्यात आली, तेव्हा सर म्हणाले, "मी नको म्हटलं हुतं, आक्का. पोरीनं ऐकलं न्हाय."

त्या माउलीनं सरांचेच हात धरले. "तुम्ही लई केलासा तिच्यासाठी."

याला दोन वर्षं झाली.

आणि आता ती मेमधली दुपार. दुसऱ्या दिवशी स्पर्धा. नवी पोर सौम्या, तीही त्रेपन्न किलोची. माणूस ठेच लागली की शहाणा होतो म्हणतात... कुठला होतोय! सरांनी तसलंच जॅकेट तिच्या हातात दिलं. "घालून ये. आज पन्नासवर यायचं."

सौम्या शेजारच्या खोलीत गेली. सर पाठ करून फॉर्म भरत बसले.

चुर... चुर... चुर...

मॅटभोवती कोणीतरी पळत होतं. प्लॅस्टिक घासत होतं. मग थुंकल्याचा आवाज.

"शाब्बास!" सर मान वर न करता म्हणाले. "थांबू नको."

"सर, कुणाला म्हणताय?"

सौम्या दारात उभी होती. जॅकेट हातातच.

मॅटवर कोणी नव्हतं.

आवाज मात्र जवळ आला... आणखी जवळ... आणि सरांच्या पाठीशी येऊन थांबला. चिंचेचा आंबट वास सुटला.

कोपऱ्यातला वजनकाटा आपोआप सुरू झाला.

पन्नास.

मग एकोणपन्नास.

सत्तेचाळीस... चव्वेचाळीस... एकोणचाळीस...

सौम्या काट्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती, नुसती गोंधळलेली.

"सर, ही ताई विचारतीया... अजून किती उतरवू?"

सरांना ना ती दिसली, ना तिचं बोलणं ऐकू आलं. त्यांनी तांब्या भरला. "पाणी पी, सौम्या. आधी पाणी पी गं!"

सौम्या त्रेपन्नात खेळली आणि पहिल्याच फेरीत हरली. सरांची नोकरी हुकली ती हुकलीच.

आठवड्यानं सर जांबोटीला गेले. सोनुबाईच्या दारात बसून खरं काय ते सगळं सांगितलं.

"दोन वर्षं मी मेलेल्या पोरीला बोल लावला, सर," ती म्हणाली. "सरांचं का ऐकलं न्हाईस म्हणून. आता मला कशाला सांगताय? तिला सांगा."

तेव्हापासून सर रोज दुपारी तालमीत एकटे जातात. दार लावून मोठ्यानं म्हणतात, "चूक माझी हुती, पारमिता. तू ऐकलंस. मी सांगितलं ते सगळं ऐकलंस."

मग कान देऊन उभे राहतात.

काहीच येत नाही. पावलं नाहीत, वास नाही.

हे सगळं सरांनीच मला सांगितलं. म्हणाले, "त्या दिवशी ती आली, तवा लई भ्यालो. आता येत न्हाय, त्याचं जास्त भ्या वाटतंय."