दुसरा शंख

संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला आणि लाफाएले रस्त्यातच अडकला. तो शेजारच्या गावचा, पण सामोआत नियम सगळ्यांना सारखा. दुसरा शंख होईपर्यंत रस्त्यावर कुणी दिसायचं नाही. पावसात भिजलेल्या त्या पोराला मोएलांगीच्या आईने घरात बोलावून चटईवर बसवलं. प्रार्थना संपली, तेव्हा मोएलांगीचं लक्ष त्याच्या हातातल्या ओल्या कागदाकडे गेलं... ३x – ५ = १६. खाली त्याने लिहिलं होतं, ३x = १६ – ५. तिला हसू आवरेना.

"अरे, पाच पलीकडे नेलेस, ते उणेचे उणेच?"

"मग? माणसाने गाव बदललं म्हणून स्वभाव बदलतो का?"

"माणसाचं राहू दे! दोन्हीकडे पाच मिळव. ३x बरोबर एकवीस. मग x किती?"

"सात..." तो तिच्याकडेच बघत होता.

"कागदावर बघ!"

"x म्हणजे आपल्याला ठाऊक नसतं ते ना, बाई? मग बरोबर बघतोय."

त्यानंतर शंखाच्या वेळेला तो नेमका तिथेच सापडू लागला. "याच्या गावात शंख नाही का गं?" आई विचारायची. मोएलांगी लाजून पेन्सिलीला टोक काढत बसायची.

लाफाएलेला ऑकलंडला इलेक्ट्रिशियनचं शिक्षण घ्यायचं तर गणितात पास होणं भाग होतं. पास झाला की तो जाणार, हे ती रोज विसरायची. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्याने पुन्हा तीच चूक केली. तिने ती पाहिली. राहू दे ना... एवढीच राहू दे!

"इथे बघ," ती शेवटी म्हणाली. "चिन्ह."

"गप्प बसली असतीस तर... इथेच राहिलो असतो."

"माहितीये. खोड ते."

तो पास झाला.

विमानतळाकडे निघालेली त्याची गाडी तिच्या घरासमोर आली आणि पहिला शंख वाजला. गाडी थांबली. भिंती नसलेल्या घरात ती चटईवर, तो गाडीच्या खिडकीशी, मध्ये रिकामा रस्ता. उतरायचं नाही, बोलायचं नाही. त्याने दोन बोटं एकमेकांवर आडवी धरून x केला... आणि तिच्याकडे बोट दाखवलं.

तिचे हात जोडलेलेच होते. देवा, आज दुसरा शंख वाजू देऊ नकोस, तिने मागितलं. एवढं एकच दे.

शंख रोजच्या वेळेला वाजला. गाडी निघाली.