चार ते साडेचार

मी फिजिओथेरपिस्ट. कंपवाताच्या रुग्णांना पुन्हा चालायला शिकवते. मेंदूतलं डोपामिन कमी पडलं की हात थरथरतो, पाय जमिनीला खिळतात, चेहरा कोरा होतो आणि मनही विझत जातं, हे मी नातेवाइकांना रोज समजावते. घरी माझ्या आईला तोच आजार. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! दोन वर्षांत ती माझ्याकडे बघून एकदाही हसली नव्हती. तेवढं एक हसू मला हवं होतं.

गोळ्यांच्या वेळा आणि आईची अवस्था मी तक्त्यात लिहायचे. दुपारी चारला गोळीचा असर पार उतरलेला असायचा. पाय जागच्या जागी थिजायचे. थरथर तर वाढायला हवी होती. पण नेमका तेव्हाच तिचा उजवा हात शांत व्हायचा. खुर्चीबाहेर, थोडा खाली झुकलेला, बोटं अलगद मिटलेली. साडेचारला पुन्हा थरथर सुरू.

एकदा मी त्या हातात माझा हात दिला. तो लगेच थरथरू लागला. मी हात काढून घेतला, तसा शांत झाला.

"कोण आहे, आई?"

"चिमी," ती म्हणाली आणि हसली. माझ्याकडे बघून नव्हे.

चिमी माझी धाकटी बहीण. चार वर्षांची असताना तापात गेली.

या आजारात भास होतात, हे मला पाठ आहे. मला भीती वाटलीच नाही. हेवा वाटला. डॉक्टरांना दाखवायच्या तक्त्यात मी फक्त 'चार ते साडेचार, हालचाल बंद' एवढंच लिहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. त्यांनी साडेतीनला अर्धी गोळी वाढवली.

दुसऱ्या दिवशी चारला आई आपली आपण उठली. चालली. पडद्यामागे बघितलं, पलंगाखाली वाकून बघितलं. हात थरथरत होता. चेहरा तसाच कोरा, आणि डोळ्यांतून धारा.

"धरून ठेवला होता गं तिचा हात," ती म्हणाली. "का सोडायला लावलास?"

ती अर्धी गोळी मी त्याच दिवशी बंद केली. पण आता चार वाजले तरी हात थरथरतच राहायचा. मी तो दोन्ही हातांत धरून बसायचे. माझ्या हातांनी भागत नव्हतं. महिन्याभरात आई गेली.

काल दुपारी दवाखान्यात एक आजोबा, निवृत्त बस ड्रायव्हर, दारातच अडकून उभे राहिले. मी "एक, दोन, टाका पाऊल" म्हणत होते.

चार वाजले.

त्यांचा थरथरणारा हात थांबला.

थोडा खाली झुकला. बोटं अलगद मिटली.

आजोबा बराच वेळ खाली बघत राहिले. मग काळजीच्या सुरात त्यांनी मला विचारलं,

"ताई, हिची आई कुठं आहे?"