पाच वर्षांची बायको

अर्डिसच्या धाकट्या बहिणीने एकावन्नाव्या वर्षी लग्न केलं, ते साल २००३. बहिणीला नोव्हेंबरची अखेर हवी होती. पण तेव्हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये हरणांची शिकार. सगळे बंदुका घेऊन रानात. लग्नाला येणार कोण? शेवटी ऑक्टोबरातला शनिवार धरला.

नवरदेव रोमन दहा दिवसांतच मेहुणीच्या कचेरीत मदतीला बसू लागला. अर्डिस खासगी गुप्तहेर होती. रोमन कॉफी चांगली करायचा.

बुधवारी दरवाजांच्या कारखान्यातला डेलमार आला. त्याने टेबलावर चीजचा गोळा ठेवला.

"फी समजा. लग्नाच्या वाढदिवसाला कारखाना प्रत्येक जोडप्याला देतो. हा आला नसता तर तारीख आठवली असती थोडीच!"

मग त्याने विमा कंपनीचं पत्र काढलं. त्याची बायको लॉर्ना, जन्म १० ऑक्टोबर १९९८.

"पाच वर्षांची?" रोमन हसला.

"हसू नका हो. चौपन्न वर्षांची आहे ती. जानेवारीत खुब्याचं ऑपरेशन. आमच्या एक्केचाळीस जणांच्या बायकांचे जन्म चुकलेत. मुलांचे मात्र बरोबर. शुक्रवारी पाचला नोंदणी बंद. चूक सापडली नाही, तर वर्षभर विमा नाही. आणि तिला आता जिनासुद्धा चढवत नाही."

कारखान्यात नोंदी ठेवणारी मर्टल भडकलीच. "मी तीनदा तपासते! विम्याची यादी, चीजची यादी, सगळं एकाच तक्त्यात. मुलांचा तक्ता वेगळा. एक तारीख चुकलेली दाखवा, नाव बदलेन!"

विमा एजंट लाइल खांदे उडवत म्हणाला, "मी एक आकडासुद्धा टाइप केला नाही. तिच्या तक्त्यातले पहिले दोन रकाने उचलले, कंपनीच्या फॉर्मात चिकटवले. संपलं."

"म्हणजे मर्टलच," बाहेर आल्यावर रोमन म्हणाला.

"तू जुनी कॅलेंडरं काढ," अर्डिस म्हणाली.

रोमनने दुपारभर एक्केचाळीस तारखा तपासल्या. "गंमतच आहे! सगळ्या बायका शनिवारी जन्मल्या. बहुतेक उन्हाळ्यात. नोव्हेंबरच्या अखेरीस एकही नाही."

अर्डिसने सगळ्यांना मर्टलच्या टेबलाशी जमवलं.

"मूल वार बघून जन्मत नाही, शिकारीचा हंगामही बघत नाही. शनिवार कोण बघतं? हंगाम कोण टाळतं?"

रोमन लाल झाला. "आम्ही. लग्नवाले."

"शाब्बास! या लग्नाच्या तारखा आहेत. मर्टल, नावापुढचा रकाना कशाचा?"

"लग्नाचा. चीजसाठी. जन्म तिसऱ्यात."

"आणि लाइलने पहिले दोन उचलले, वर मथळा वाचलाच नाही. मुलांच्या तक्त्यात लग्नाचा रकाना नाही, म्हणून ती वाचली."

"मथळा वाचायचा असतो रे, गाढवा!" मर्टल ओरडली.

"आणि डेलमार," अर्डिस म्हणाली, "पत्रात स्वतःच्या लग्नाची तारीख होती. ओळखली नाहीत?"

"लॉर्नाला सांगू नका, पाया पडतो!"

हशात छत दणाणलं. लाइलने तिसरा रकाना चिकटवला, मर्टलने एकेक नाव मोठ्याने वाचून ताडून पाहिलं. शुक्रवारी चारला एक्केचाळीसही नावं मंजूर झाली.

तेरा जानेवारीला ऑपरेशन झालं. जूनमध्ये लॉर्ना डेलमारला दमवून पोल्का हा जोडीचा नाच नाचली, आणि पुढेही चौदा उन्हाळे नाचत राहिली. ४ मार्च २०१९ रोजी, सत्तराव्या वर्षी, ती वारली.