सकाळी सहा चाळीसचा बिघाड

०६:४० – फिल्टर धुणे सुरू.
०६:४१ – दाब जास्त. पंप बंद.
०६:४१ – माणूस पाठवा.

ही शेवटची ओळ दामिनीचीच. नांदेडला पंप आपोआप चालवणारं पॅनल बनवताना तिनं ती गंमत म्हणून घातली होती. यंत्र अडलं तर त्यानं काय म्हणावं, तर असं म्हणावं. आता ती ओळ रोज सकाळी तिच्याच फोनवर येत होती, आणि पाठवायला माणूस एकच होता... ती स्वतः.

म्हणून सोमवारी ती लातूरला आली. एसटीनं, पाठीवर सॅक, सॅकमध्ये मल्टिमीटर. डाळमिलवाले गुरुपादप्पा यांच्या बंगल्यामागं छोटासा पोहण्याचा तलाव होता. शेजारच्या पंपाच्या खोलीत एक तरुण गुडघ्यांवर बसून पंपाला कान लावून होता. डोळे मिटलेले.

"काय ऐकताय?"

"श्श..." त्यानं बोट वर केलं. "खोकायलाय."

"पंप?"

"हाव. मी परत चालू केला, तर खोकायलाय." त्यानं डोळे उघडले – आणि गडबडीत उठताना वरच्या पाइपावर डोकं आपटलं. "तुम्ही नांदेडच्या मॅडम का? मी वीरेश. अप्पांचा मुलगा."

"पंपाला खोकला नसतो. हवा धरतो तो."

"म्हणजे दमा!"

तिला हसायचं नव्हतं. हसली.

तलाव हौसेचा नव्हता. गुरुपादप्पांना वर्षापूर्वी झटका आला तेव्हापासून डावा पाय ओढत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी कमरेएवढ्या पाण्यात चाला. जमिनीवर न उचलणारा पाय पाण्यात उचलला जायचा. पाणी एकदाच भरलेलं, तेच गाळून गाळून वापरायचं. पण फिल्टर धुतला गेला नाही की पाणी गढूळ, आणि गढूळ पाण्यात अप्पा उतरेनात.

"पोरी," अप्पा खुर्चीतून म्हणाले, "शनिवारपर्यंत बघ. न्हाई जमलं तर हे डबडं काढून टाकतो. हातानं खटके मारणारा माणूस ठेवतो."

डबडं! पहिल्या तारेपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत तिनं एकटीनं बनवलेलं पहिलं पॅनल. ती निघताना कंपनीचे मालक साहेबराव म्हणाले होते, "हे चाललं तर घरगुती तलावांचं सगळं काम तुझं. नाही चाललं तर... वायरिंगला माणसं कमीच आहेत."

दुपारी तिनं बटण दाबून फिल्टर धुवायला लावला. वाळूतून पाणी उलटं फिरलं, मळ घेऊन बाहेर पडलं आणि पाइपातून भिंतीकडच्या नारळांना गेलं. बरोबर अडीच मिनिटं. एकदाही अडलं नाही.

दुसऱ्या सकाळी, ०६:४१ – माणूस पाठवा.

ती मंगळवारी आली. गुरुवारी आली. नांदेडहून निघून पोचेपर्यंत अकरा वाजायचे, आणि अकरानंतर सगळं गुणी लेकरासारखं चालायचं. एसटीत मांडीवर वही घेऊन ती लिहायची –

दाबाचा सेन्सर? नवा टाकला. सकाळचं व्होल्टेज? ठीक. वायर उंदरानं कुरतडली? नाही. नारळांच्या पाइपावरचा लाल कॉक? बघितला, उघडाच असतो. गिरणी सोडून वीरेश रोज दुपारी पंपापाशी का उभा राहतो?

हा प्रश्न यंत्राचा नाही. खोड.

"वाळू पाणी गाळते म्हणजे नेमकं काय करते?" त्यानं मंगळवारी विचारलं होतं.

"तुमच्या गिरणीत चाळणी असते ना? तसंच. फक्त इथं भोकं दिसत नाहीत."

"अन् भरली की?"

"उलटं पाणी सोडायचं. मग वाळू हलकी होते, वर उचलली जाते... मळ सोडून देते."

"सांगा की अजून."

"आणखी काय सांगू? तुम्हाला खरंच कळतंय?"

"थोडं. मला आवाजातलं जास्त कळतं. तूर हातातून सांडली की आवाजावरून ओल सांगतो मी."

"बढाया!"

"हाव, बढाया. पण खऱ्या."

शुक्रवारी ती मुक्कामालाच आली, तिच्या लातूरच्या शिवकन्या मावशीकडे. बिघाड सकाळचा असेल तर सकाळीच भेटला पाहिजे. शनिवारी साडेसहाला ती पंपाच्या खोलीमागं उलट्या बादलीवर बसली. अप्पा काठाला खुर्चीत, खांद्यावर टॉवेल. कोवळं ऊन, क्लोरिनचा वास...

०६:४० – फिल्टर धुणे सुरू.

पाइप थरथरला. नारळांच्या आळ्यात पाणी पडायला लागलं. तेवढ्यात फोन कानाला लावून वीरेश आला. "न्हाई, तेवढी ओली तूर घेणार न्हाई आपण..." असं बोलत तो पाइपाशेजारून गेला. थांबला नाही. खाली बघितलंही नाही. फक्त त्याचा डावा हात खाली गेला, लाल कॉक फिरवून बंद केला, आणि हात परत खिशात.

खट्.

०६:४१ – दाब जास्त. पंप बंद.

"वीरेश!"

तो दचकला. "अरे... तुम्ही? इतक्या सकाळी?"

"हे काय केलंत?"

"काय केलं?"

"हात! तुमचा हात!"

त्यानं हाताकडं बघितलं. मग कॉककडं. मग परत हाताकडं... जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "मी? मी बंद केला?"

खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. दहा दिवसांतून एकदा नळ येणाऱ्या घरात तो मोठा झाला होता. वाहत्या पाण्याचा आवाज आला की जवळ असेल त्यानं तोटी बंद करायची – हे डोक्याच्या आधी हात शिकला होता.

"पण मी येते तेव्हा कॉक उघडा असतो!"

स्वयंपाकघराच्या दारातून त्याची आई, गंगम्मा, म्हणाली, "अय्यो, ते मी उघडून ठेवते! झाडांना पाणी जायला पाहिजे की. रोज बंदच सापडतोय. मला वाटायचं, हेच करतात."

"मी बी केलाय दोनदा," अप्पा खुर्चीतून म्हणाले. "वाहायलंय दिसल्यावर बंद करावं का न्हाई?"

अप्पांनी पंपाच्या खोलीकडं बघितलं.

"म्हंजे... डबडं नीट हाय?"

"डबडं नीट आहे, काका," दामिनी म्हणाली. "माणसं लातूरची आहेत."

अप्पा एवढे हसले की खांद्यावरचा टॉवेल खाली पडला. "मग राहू दे. डबडं बी राहू दे, माणसं बी!"

"कॉक मी काढूनच टाकते. पण आधी फिल्टर धुऊ, म्हणजे तुम्हाला उतरता येईल."

तिनं कॉक उघडून बटण दाबलं. पाणी निघालं. वीरेश शेजारी येऊन उभा राहिला, एकदम शहाण्यासारखा... आणि त्याचा डावा हात हळूच खाली निघाला.

तिनं तो मधेच पकडला.

"अडीच मिनिटं," ती म्हणाली. "धरूनच ठेवावा लागेल."

"धरा."

तूरडाळीच्या भुशाचा वास येत होता त्याच्या बाहीला. पाणी नारळांकडं धावत होतं.

"एक कळलं नाही," ती म्हणाली. "तीन दुपारी मी तुमच्यासमोर फिल्टर धुतला. तुम्ही इथंच होता, याच कॉकपाशी. तेव्हा का नाही बंद केलात?"

तो आळ्याकडं बघत राहिला.

"तुम्ही सांगत होता ना... वाळूचं."

"मग?"

"मग... पाणी वाहायलंय, हे ऐकूच आलं न्हाई."

"तुम्हाला? तुरीतली ओल ऐकणाऱ्याला?"

"न्हाई आलं. तिन्ही दुपारी."

तिनं मान वळवली. पकड मात्र सैल झाली नाही.

"आता बिघाडच होणार नाही," ती म्हणाली. "मग मी कशाला येणार?"

"तुम्ही नका येऊ. मी येतो नांदेडला... बिघाड नसताना. चालेल, दामिनी?"

पहिल्यांदाच 'मॅडम' गळून पडलं होतं. पाण्याची धार बारीक झाली, थेंबांवर आली, थांबली. अडीच मिनिटं संपली होती. हात तिथंच होते.

"रविवारी या," ती म्हणाली. "रविवारी मला सुट्टी असते."

"वीरेश!" काठावरून अप्पांचा आवाज आला. "पाणी थांबलं की रे! मी उतरू, का तुमचं अजून व्हायचंय?"

वीरेश एकदम नारळांकडं बघायला लागला.

"उतरा काका," दामिनी म्हणाली. "इकडं सगळं नीट चालू आहे."