कुंकवानं बंद केलेली पेटी

“माझ्या नवऱ्याचा आवाज चोरीला गेलाय,” खुर्चीवर टेकता टेकता जयाबाई म्हणाल्या, आणि मंथन कडोलकरच्या हातातला चहा बशीत सांडला.

सत्यवती मुतगेकरांच्या टिळकवाडीतल्या खासगी तपासाच्या कचेरीत खोटे वारस यायचे, पळालेले भागीदार यायचे, घर सोडून गेलेली माणसं यायची. आवाज पहिल्यांदाच आला होता. सत्यवतीबाईंनी भुवईसुद्धा उचलली नाही. मंथन त्यांचा मदतनीस. स्कूटर चालवणं, फोन घेणं आणि दर प्रकरणात भलत्याच माणसावर संशय घेणं ही त्याची कामं. यातलं शेवटचं तो अगदी मन लावून करी.

जयाबाई वडगावच्या. घरात यंत्रमाग. त्यांचे यजमान सुबराव साड्यांच्या काठांची डिझाइनं जुन्या कॉम्प्युटरवर काढायचे आणि काढता काढता कुणाला तरी समजावून सांगावं तसं बोलत राहायचे. ते बोलणं रेकॉर्ड करून ठेवायला लेकीनं त्यांना शिकवलं होतं. सुबराव गेले, आवाज राहिला. जयाबाई रोज दुपारी तो लावून बसत.

“खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरवाल्या साईराजनं त्यात अपडेट घातलं. नवमीला पूजेतलं यंत्र चालवत न्हाय. दसऱ्याला चालू करते तर बंद! समदी म्हनत्यात अपडेटनं गेलं. मला न्हाय पटत, बाई. मागापाशी जल्म गेलाय माजा. मोडलेलं यंत्र मला कळतं. ह्ये कुनीतरी केलंया.”

“तो आवाज आणखी कुणाकडे आहे?”

“न्हाय. लेक मागत हुती, तिलाबी दिला न्हाय. लई वाजवून झिजला म्हंजे? कॅसेट झिजती तसा?”

मंथनला हसू येणार होतं, पण आलं नाही. त्याचे वडील गेले तेव्हा घरात दोन-दोन मोबाईल होते, तरी त्यांचा आवाज धरून ठेवावा असं कुणाला सुचलं नाही. आता आठवू म्हटलं तरी तो नीट आठवत नसे, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटे.

वडगावात शेजारच्या घरांतून मागांची खटखट चालू होती. जयाबाईंच्या मागघरात सगळीकडे सुताचा भुसा, आणि कोपऱ्यात तो कॉम्प्युटर. वर सुकलेली झेंडूची माळ, खाली हळदी-कुंकवाची बोटं. मंथननं बटण दाबलं. आत पंखा फिरला, काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ उमटली.

“डिस्क सापडत नाही म्हणतोय,” त्यानं निकाल दिला. “अपडेटनं डिस्क खाल्ली, मॅडम. मिटलं प्रकरण.”

सत्यवतीबाई जमिनीवर गुडघे टेकून पेटीची बाजू बघत होत्या. बाजूचा पत्रा सांगाड्याला जिथे जुळतो, नेमक्या त्या फटीवर कुंकवाची पाच बोटं ओढलेली होती. वाळलेली, अख्खी. कुठे चीरही नव्हती.

“हे कुणी लावलं?”

“मीच. नवमीला, फाटंच. आमच्या सासूची रीत हाय ती. यंत्राच्या जोडावरच कुंकू लावायचं, जोड निसटू ने म्हनून. आनि ते आपनहून झडूपतोर पुसायचं न्हाय. साईराज दसऱ्याला पेटी उघडतो म्हनालता, मी हात लावू दिला न्हाय.”

साईराजला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पोरगेला गडी, आधीच घाबरलेला.

“मॅडम, देवाशपथ सांगतो, अपडेट नीट झालतं. यंत्र चालू झालेलं बघितलं, सुबराव आप्पांची डिझाइनं दिसत हुती, मगच बंद केलं. आन ह्या आक्का शेजारी बसूनच हुत्या की! डोळ्यात तेल घालून!”

“व्हय,” जयाबाई म्हणाल्या. “तो जाऊपतोर मी जागची हालले न्हाय.”

मग मुलगा नागेंद्र आला, उद्यमबागेतल्या फौंड्रीतून, थेट कामाच्या कपड्यांत.

“आये, हजारदा सांगितलं, ह्ये भंगार टाक आनि नवा लॅपटॉप घे,” तो म्हणाला. “मला काय इचारताय मॅडम? अष्टमीला आमच्या कारखान्यात साफसफाई, रात्री तिथंच पूजेची तयारी. नवमीला उजाडता उजाडता मी आन निपाणीवरनं दाजी एकाच टायमाला दारात पोचलो, तवा आयेची आरती चाललीती.”

“व्हय, परसाद पयला ह्यालाच दिला,” जयाबाईंनी दुजोरा दिला.

भंगार म्हणतोय म्हणजे हाच, असं मंथननं मनात ठरवून टाकलं.

राहिली लेक तेजस्वी. निपाणीला दिलेली. दसऱ्यासाठी अष्टमीलाच माहेरी आली होती आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत गेली होती. तिला फोन लावला.

“अष्टमीला दुपारी मागघरात कोण होतं?” सत्यवतीबाईंनी विचारलं.

“मी व्हते की. सूत झाडत व्हते. आई झेंडू आनायला बाजारात गेलती.” जरा थांबून ती म्हणाली, “आई, त्या पेटीवरचं कुंकू झडलं काय गं?”

“न्हाय अजून.”

“मग ऱ्हाऊ दे. कुनाला हात लावू दिऊ नको.”

फोन ठेवल्यावर सत्यवतीबाई पुन्हा पेटीजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, “जयाबाई, ही पेटी उघडल्याशिवाय आवाज मिळणार नाही. रीत तुमची आहे, तुम्ही ठरवा.”

जयाबाईंनी हात जोडले. मग पदराच्या टोकानं त्यांनी ते कुंकू पुसलं.

मंथननं स्क्रू काढले. आत सुताचा भुसा गादीसारखा साठला होता. एकच चौकोनी जागा स्वच्छ होती, आणि तिच्याजवळ दोन वायरी लोंबत होत्या. डिस्क बिघडली नव्हती. डिस्क तिथं नव्हतीच.

“साईराज!” मंथन ओरडला. “दसऱ्याला आला तेव्हा काढली!”

“कुंकू न मोडता?”

“मग नागेंद्र.”

“उद्या दुपारी सगळ्यांना बोलवा,” सत्यवतीबाई म्हणाल्या. “निपाणीहूनही.”

दुसऱ्या दिवशी मागघरात सगळे जमले. तेजस्वी दारालगत बसली, मांडीवर पर्स घट्ट धरून.

“अपडेट बिचारं निर्दोष आहे,” सत्यवतीबाईंनी सुरुवात केली. “अपडेट फार तर माहिती बिघडवेल, स्क्रू काढून डिस्क घेऊन जाणार नाही. पण त्याच दिवशी ते झालं, म्हणून सगळ्यांनी त्याच्यावर ढकललं. आता कुंकू बघा. ते अख्खं होतं. म्हणजे नवमीच्या पहाटेनंतर पेटी उघडलेलीच नाही. दसऱ्याला आलेला साईराज सुटला. अपडेटच्या वेळी जयाबाई त्याच्या शेजारी होत्या, म्हणून तिथेही तो सुटला. नागेंद्र घरी आला तेव्हा आरती चालू होती. तोही सुटला.”

मंथननं हळूच नागेंद्रकडे बघून मान खाली घातली.

“उरली अष्टमीची दुपार. जयाबाई बाजारात, आणि मागघरात एकच माणूस. यंत्र बिघडलं की सगळे विचारतात, दुरुस्त होईल का? कुंकू झडलं का, असं एकीनंच विचारलं. ज्याला पेटी पुन्हा उघडून काहीतरी आत ठेवायचंय, त्यालाच हा प्रश्न पडतो. चोरी करायची नव्हती, कॉपी करायची होती. जुन्या यंत्रावर कॉपीला फार वेळ लागला असता, आई कधीही परत आली असती. म्हणून तिला सोडायला आलेल्या नवऱ्याबरोबर डिस्क त्याच संध्याकाळी निपाणीला गेली, आणि सकाळी त्याच्याबरोबर परत आली. नागेंद्र आणि दाजी एकाच वेळी दारात पोचले, आठवतं? फक्त पोचायला उशीर झाला.”

“उशीर न्हाय,” तेजस्वी एकदम बोलली. “दरसाल पूजा उन्हं आल्यावर आसती. ह्या वर्सी आईला गुडघ्यांनी झोप लागंना, तिनं फाटंच उरकली. ह्यांनी डिस्क आनली तवा जोडावर कुंकू. ते कसं मोडनार? आमच्या घरात कोन मोडतंय?” तिनं पर्समधून रुमालात गुंडाळलेली डिस्क काढून आईपुढे ठेवली. “आनि मग तू रडाय लागलीस. तोंड उघडायचं धाडसच झालं न्हाय.”

“मागायचं हुतंस.”

“मागितलं न्हाय व्हय? गेल्या दिवाळीला पाया पडले तुज्या! झिजंल म्हनालीस. माजेबी आप्पाच हुते न्हवं, आई? मला वर्सातनं चार दिवस म्हायेर, त्यातबी त्यांचा आवाज दाराआडनं ऐकायचा?”

“आता तर कॉपी आहे तुझ्याकडं,” मंथन न राहवून म्हणाला.

“हाय. ऐकली न्हाय अजून. दोनदा लावाय बसले. आईला न इचारता मन होईना.”

मंथननं डिस्क जागेवर बसवली, वायरी जोडल्या. यंत्र घरघरलं, रेंगाळलं आणि सुरू झालं.

“ऐकून आवाज झिजत नाही, जयाबाई,” सत्यवतीबाई हळू आवाजात म्हणाल्या.

“ठावं हाय मला. साईराजनं कवाच सांगितलंया.”

साईराजनं मान डोलावली.

जयाबाईंनी स्वतः माऊस धरला. मागांच्या खटखटीतून एक जाडसर, सावकाश आवाज आला. “हितं चार सुतं सोडायची. मग मोराची मान नीट येती. घाई केली की मोडली... तेजू, पानी आन गं जरा.”

तेजस्वीनं वर बघितलं.

“तू कवाच नांदायला गेलतीस,” जयाबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. “मी हितं शेजारी बसलेली. पानी मीच दिलं. पर हाक तुला मारली. रोज ऐकते, रोज तुलाच हाक मारत्यात. मला लई लागलं गं ते. तुला ऐकू दिलं आसतं तर तेबी तुजंच झालं आसतं. मग माजं काय ऱ्हायलं?”

आवाज पुढे चालूच होता, मोराच्या मानेबद्दल. तेजस्वी उठली, आत गेली. माठावरच्या झाकणाचा आवाज आला. ती पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन बाहेर आली आणि कॉम्प्युटरपुढे येऊन थांबली. तो कुणाला द्यायचा, हे तिला कळेना.

जयाबाईंनी हात पुढे केला, तांब्या घेतला आणि त्या पाणी प्यायल्या.