त्याने हात केला होता

मोबाईल बाजूला ठेवा आधी. मध्येच कुणी उजेड पाडला तर मी तिथेच थांबेन. आणि खरी की खोटी हे विचारायचं नाही. ज्याच्यावर बेतलं तो माणूस आपल्याच कारखान्यात लेथवर उभा असतो. सगळे त्याला टर्नर म्हणतात. थापा मारणं त्याच्या रक्तात नाही. हसणंही नाही, पण ते अलीकडचं.

टर्नरचा धाकटा भाऊ सायकलवेडा होता. चार दिवस सुट्टी मिळाली की मागे पिशव्या लटकवून निघालाच. कुणाच्या दारात झोपायचा, कुणाच्या ताटात जेवायचा, आणि घरी परतला की लोकांचे गोडवे गात बसायचा. "दादा, माणसं फार चांगली असतात रे." टर्नर म्हणायचा, "कामधंद्याला लाग, मग कळतील किती चांगली असतात ती."

असाच तो एकदा ताईकडे, म्हणजे त्यांच्या मधल्या बहिणीकडे, निघाला आणि पोचलाच नाही. हायवेच्या उतारावर, ओढ्यावरच्या मोरीच्या अलीकडे सापडला. पंक्चर काढायला सायकल उलटी केलेली, चाकं वर, आणि हा शेजारी आडवा. हृदयाने दगा दिला. उणापुरा अठ्ठावीस वर्षांचा पोरगा! डॉक्टर म्हणाले, लगेच नाही गेला, बराच वेळ जीव होता. कुणी वेळेत आणलं असतं तर...

भर दुपार होती, पोरांनो. वाहता रस्ता. बस, ट्रक, मोटारी, लग्नाची वऱ्हाडं, सगळं जग तिथून गेलं. एकाही माईच्या लालाला ब्रेक दाबावासा वाटला नाही. हे सांगताना माझंसुद्धा डोकं फिरतं, मग टर्नरचं काय झालं असेल?

गेल्या वर्षी मार्चात, दुसऱ्या शनिवारी, त्या गोष्टीला वर्ष झालं. टर्नरने माळ्यावरून भावाची सायकल उतरवली, चाकांत हवा भरली आणि ताईला फोन लावला.

"रात्रीपर्यंत येतो. सायकलवर."

"दादा, वेड लागलंय का तुला? वय काय तुझं!"

"त्याचं राहिलेलं पुरं करतो. आणि ऐक, त्या रस्त्यावरच्या एकाही माणसाच्या हातचं पाणी पिणार नाही मी. घोटभरसुद्धा नाही."

ताई रडायला लागली तसा त्याने फोन ठेवला.

सकाळ बरी गेली. दहा वाजता ऊन चढलं आणि छळ सुरू झाला. कसला छळ? चांगुलपणाचा! रोपवाटिकेतली एक बाई झाडांना पाणी घालत होती. तिने नळी बंद केली आणि हाक मारली, "भाऊ, चेहरा बघा किती लाल झालाय. बसा सावलीत, गार पाणी देते."

"नको."

"अहो, पैसे नाही मागत मी."

"वर्षापूर्वी कुठे होता तुम्ही?" टर्नर ओरडला. त्या बिचारीला काय कळणार?

पुढे कॅरिअरचा एक सांधा निखळला. टर्नर तारेने बांधायची खटपट करत होता, तेवढ्यात समोरच्या शेडमधला वेल्डर न बोलावता आला, सायकल उचलून आत घेऊन गेला आणि दोन मिनिटांत डाग देऊन परत आणली. टर्नरने नोट पुढे केली तर म्हणाला, "राहू द्या हो. एवढ्या लांब निघालात, तेच खूप आहे." टर्नरने नोट त्याच्या ऐरणीवर आपटली आणि मागे न बघता निघाला. दुपारी पेट्रोलपंपावरच्या पोऱ्याने कलिंगडाची फोड पुढे केली, तिच्याकडेही त्याने पाठ फिरवली.

कळतंय का तुम्हांला, त्याला नेमकं काय झोंबत होतं? लोक नालायक निघाले असते तर त्याला बरं वाटलं असतं. मनासारखं शिव्या देऊन मोकळा झाला असता. पण इथे जो तो धावत येत होता. त्याच्या डोक्यात एकच, मग त्याच दिवशी कुठे मेले होते सगळे? माझ्यासारख्या खडूस माणसासाठी थांबतात आणि त्या हसऱ्या पोरासाठी नाही? दात-ओठ खात तो पायडल मारत राहिला.

अंधार पडला तेव्हा त्याच्या दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या. रात्री साडेनऊच्या सुमारास उतार लागला. मोरी दिसली. आणि नेमकं तिथेच मागचं चाक बसलं.

रस्ता सुनसान. टर्नरने सायकल उलटी केली. हेडलाइट काढून दातांत धरला, पान्याने टायर उचकटला, ट्यूब बाहेर ओढली. घसा इतका कोरडा की थुंकीसुद्धा गिळता येईना.

तेवढ्यात मागून पिवळा उजेड आला. उघडझाप... उघडझाप...

दुधाचा टेम्पो होता. दोन्ही इंडिकेटर चालू. अगदी हळू आला आणि दहा-बारा पावलांवर थांबला. टर्नरला नंतर आठवलं, की इंजिनाचा आवाज त्याने ऐकलाच नव्हता.

एक माणूस उतरला. हातात पाण्याची बाटली. उजेडाच्या कडेला येऊन उभा राहिला.

"दादा, बरं वाटतंय ना?"

"पंक्चर आहे." टर्नरने हेडलाइट दातांतून हातात घेतला.

"पंक्चरच ना नुसतं? नक्की?"

"दिसत नाही का?"

"तसं नाही... दिसतं पंक्चरच. पण विचारलेलं बरं. छातीत नाही ना दुखत?"

टर्नरच्या हातातून हेडलाइट खाली पडला.

रस्त्यावर पंक्चर काढत बसलेल्याला असं कुणी विचारतं का? तुम्हीच सांगा.

"छातीचं कुठून काढलंस?"

माणूस मग हळूच बोलायला लागला. पाठ केल्यासारखा.

"उलटी सायकल बघितली ना, की वाटतं पंक्चर. आम्ही रोज रस्त्यावरची माणसं... शंभरदा बघितलेलं असतं. पोरगा शेजारी पडला होता. वाटलं, दमला असेल, जरा आडवा झाला असेल. वेग कमी केला होता मी. देवाशपथ केला होता."

"मग?"

"त्याने हात केला."

"मग?"

"वाटलं... चाललंय बरं, जा पुढे, असं म्हणतोय. सायकलवाले करतात ना तसा."

"मग तू काय केलंस?"

इंडिकेटर तेवढे... उघडझाप.

"मीही हात केला."

टर्नर उठला. वर्षभर तो ज्याला शोधत होता, तो माणूस समोर उभा होता. जगभर पसरलेल्या रागाला आता एक तोंड मिळालं होतं. तोंडाला येतील त्या शिव्या त्याने घातल्या. हातातला पाना उगारला. माणूस जागचा हलला नाही. त्याने फक्त बाटली पुढे केली.

"मारा. पण आधी एक घोट घ्या. माझ्या हातचं एवढं एकदा प्या. कुणी घेतच नाही हो... सगळे घाबरतात."

टर्नरने बाटली हिसकावली. गार होती. बाहेरून थेंब ओघळत होते. घसा जळत होता. एक घोट... फक्त एक.

"माझा भाऊ तहानलेला गेला," तो म्हणाला, आणि बाटली उपडी केली. त्या माणसाच्या डोळ्यांदेखत. सगळी. रस्त्याकडेच्या मातीत.

माणूस खाली मातीकडे बघत राहिला.

टर्नरने वाकून हेडलाइट उचलला, त्याच्या तोंडावर उजेड मारायला.

समोर कुणी नव्हतं.

उजेड टेम्पोवर पडला. काचेवर बोटभर धूळ. चारही टायर बसलेले. बंपरमधून गवत वर आलेलं. आणि त्या मेलेल्या गाडीचे इंडिकेटर...

उघडझाप.

विझले. टेम्पोही नाही. नुसता रस्ता.

टर्नर सायकल ढकलत धावत सुटला. दोन-तीन किलोमीटरवर एक हॉटेल उघडं होतं. म्हाताऱ्या मालकाने त्याला बसवलं, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "तो पोरगा तुमचा भाऊ होता होय? अहो, तो टेम्पोवाला तुमचं घर शोधत फिरत होता. पाया पडायचं म्हणायचा. पोलिसांनी पत्ता दिला नाही. मग टेम्पो उभाच केला त्याने. अन्न टाकलं, पाणी टाकलं. गेला तो पावसाळ्यात. गाडी अजून इथे मागे सडतेय."

तुम्हांला वाटत असेल, टर्नर रडला. छे! त्याने टेबलावर अशी मूठ आदळली की कपबशी खाली आली.

"मरायची एवढी कसली घाई होती त्याला? आता मी चिडू कुणावर?"

मालकाने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. टर्नर तांब्याकडे बघत राहिला. मग ओंजळ धरली आणि घटाघटा प्यायला.

सकाळी तो मोरीपाशी परत गेला. पंप आणि पाना तिथेच राहिले होते. दोन्ही होते जिथल्या तिथे. बाटली नव्हती. ऊन आत्तापासूनच भाजत होतं. रस्त्याची कड पांढरीफटक, पायाखाली फुफाटा उडत होता. आणि त्यात, त्याने पाणी ओतलं होतं तिथे, ताटाएवढी माती ओली होती. काळीशार.

त्याने बोटाने उकरून बघितलं. खाली ठणठणीत कोरडं.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मेचं ऊन झालं, पुन्हा मार्च आला. टर्नर दर महिन्याला तिथे जातो, हात लावून बघतो आणि आणखीच चिडून परत येतो.

अजून वाळलेली नाही.